वाडग्यापुढची रांग

मेंढरं रानात गेली की त्यांचं काटेरी कुंपणाचं वाडगं झाडायचं, लेंड्या पाटीत भरायच्या, तान्ह्याला पाजायचं आणि मग मोबाईल घेऊन बायका तपासायला बसायचं, हे माझं काम. तेरच्या शिवारात आमची पंधरा घरांची वस्ती. आरोग्य संस्थेनं दिलेल्या मोबाईलात एआय आहे. डोळ्याची खालची पापणी ओढून फोटो काढला की अंगात रक्त कमी असेल तर लाल खूण येते, नसेल तर हिरवी. लाल आलेलीचं नाव यादीत जातं, तिला दवाखान्यात रक्तवाढीचं सलाईन मिळतं. बाई कुणाच्या घरची, हे ते विचारत नाही. मला तेवढंच लई आवडतं.

यंदा प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी सक्तीची केली, म्हणून आडतवाले कल्याणप्पा आमच्या रांगेत आले. सोबत सून शुभांगी, सातवा महिना. मोबाईल घेऊन घरी ये, असा आधी निरोप धाडला होता. मी कळवलं, मोबाईल वाडग्यापुढंच असतो.

दोन वर्षांमागं तपासणीची गाडी यांच्या अंगणात लागली होती. तेव्हा माझाही सातवाच. डोळ्यांपुढं अंधारी, पायऱ्यांखाली उन्हात उभी. "मेंढरामागच्या बायकांला चक्कर येतीच," असं म्हणून यांनी गाडी वाटेला लावली. आम्हाला कुणी बघितलंच नाही. माझी पोर त्याच आठवड्यात झाली. एक दिवस जगली. नाव ठेवायचं राहिलं.

शुभांगीचा फोटो काढला. हिरवं.

आप्पा खूश. आमच्या घरात दूधदुभतं कमी न्हाय, म्हणाले. पण पोरीची नखं पांढरीफटक, ओठ वाळलेले, आणि पापण्या तेवढ्या लालभडक. हळूच विचारलं. म्हणाली, सासूबाईंनी डोळे चोळायला लावले. मोठ्या घरच्या सुनेला लाल खूण आली तर गावात हसू होईल.

चोळून लाल झालेला डोळा एआयला फसवतो, त्याला रक्त भरपूर वाटतं, हे मला शिकवलं होतं. आप्पांना ठाऊक नव्हतं. मी नुसती गप बसले असते, तरी सूड पुरा झाला असता.

शुभांगीनं पोटावर हात ठेवला. पायऱ्यांखाली मीही असाच ठेवला होता.

"आप्पा, डोळा निवूस्तोवर थांबावं लागंल. रांगेत, शेवटाला."

"किती येळ?"

"आमाला थांबायची सवय हाय. तुमीबी लावून घ्या."

पोरीला सावलीत बसवून गूळ-शेंगदाणे दिले. आप्पा लेंड्यांच्या ढिगाशेजारी, उन्हात. आमची म्हातारी नागूबाई मिसरी लावता लावता म्हणाली, "चक्कर आली तर सांगा बरं का आप्पा. आमाला येतीच."

दुसऱ्या फोटोला लाल आलं.

"मशीन चुकलं आसंल," आप्पा म्हणाले.

"मघाशी हिरवं आलं तवा न्हवतं चुकलं?"

त्यांनी सुनेची पांढरी नखं बघितली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दैवशाला, लिव तिचं नाव."

"लिवते की. दोनी हात लागतेत. याला धरा जरा."

माझं आठ महिन्यांचं लेकरू मी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ठेवलं. ते तिथं मजेत मुतलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मी शुभांगीचं नाव एकेक अक्षर करत, सावकाश लिहिलं.