सरळ झालेला तराजू

मित्रांनो, तराजू म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे भाजीवाला येतो. त्याचा तराजू माझा दूरचा नातलग. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू आहे आणि काचेच्या पेटीत राहतो. मला पितळेची दांडी आहे, दोन पारडी आहेत आणि मध्ये एक नाजूक काटा आहे. माझ्यावर कुणी कांदे-बटाटे टाकत नाही. जवळ कुणी शिंकलं तरी मी डुलायला लागतो, इतका मी हळवा.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या दांडीचे दोन्ही हात घासून घासून सारखे केले. निरोप देताना तो म्हणाला होता, "जा बाबा, आणि खोटं बोलू नकोस." ते मी बरीच वर्षं पाळलं. माझं कौतुकही खूप झालं. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्यापुढे आणून उभे करत.

मग एकदा कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून मी पेटीसकट पडलो. काच नवी बसली, पण डावं पारडं जिला टांगतात ती आकडी बाहेरच्या बाजूला किंचित वाकली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांनी टोकाचा स्क्रू फिरवून काटा मधोमध आणला. त्यांना वाटलं, झालं काम. पारडी रिकामी असताना माझ्याकडे बघून कुणालाच संशय आला नसता. पण पारड्यांत ओझं पडलं की डावीकडची वस्तू मी आहे त्यापेक्षा जड दाखवायचो. मला ते कळत होतं आणि लाजही वाटत होती. पण सांगणार कसा? तराजूला काटा असतो, जीभ नसते.

गंमत म्हणजे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या काळी वही पूर्ण असली की गुण पूर्ण मिळत. एकाने प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी त्याचे आकडे उतरवायचे, असा रिवाज होता. सुंदर अक्षर आणि रंगीत समास असलेल्या वह्यांचे गठ्ठे माझ्या शेजारी रचलेले असत, आणि ज्यांनी मला कधी हातही लावला नव्हता, ते माझ्यावरच्या प्रयोगात पैकीच्या पैकी मिळवून मोकळे होत.

अशाच एका वर्गात एक मुलगी होती. तिची वही कायम अर्धी. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे शाळा सुटली की धाकट्या जुळ्या भावांना सांभाळायचं, जेवू घालायचं, झोपवायचं हे सगळं हिच्याच गळ्यात. लिहिणार कधी? मधल्या सुट्टीत ती धावत प्रयोगशाळेत यायची आणि घंटा झाली की धावत जायची. मामांनी तिचं नावच पाहुणी ठेवलं होतं.

"आल्या का पाहुण्या! बसा, पाणी प्या, निघा," असं ते म्हणायचे.

ती हसायची आणि माझ्यापुढे बसायची. खडू, गुंडी, घराची किल्ली, हाताला येईल ते तोलायची. वजनं कधी बोटांनी उचलायची नाही, चिमट्यानेच उचलायची. काटा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असा हात लागला नव्हता. एके दिवशी तिने किल्ली डाव्या पारड्यात तोलली आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तीच किल्ली उजव्या पारड्यात ठेवली. दोन्ही वेळा वजन वेगळं आलं. माझी खोड तिला सापडली होती! मला इतका आनंद झाला की काटा थरथरला.

"मामा, तुमचा तराजू डावीकडे झुकतं माप देतो हं," ती जाता जाता म्हणाली.

"तराजू कसला, माणूस आहे तो. एवढं तेवढं चालायचंच," मामा म्हणाले.

पण त्यांना ते लागलं, हे मी पाहिलं. पाहुणीने मात्र विषय वाढवला नाही. मी किती फसवतो ते तिने ताडून ठेवलं आणि तेवढं मनातल्या मनात वजा करून बरोबर उत्तर लिहायला लागली. पुढे तिला त्याची इतकी सवय झाली की आपण काही वजा करतोय हेही तिच्या ध्यानात राहीना. हे मामांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त तिला आणि मला.

मग शाळेत नवा नियम आला. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, "यापुढे वहीला गुण नाहीत. कुणी किती लिहिलं ते बघणार नाही. काय येतं ते समोर करून दाखवायचं." वह्यावाले हवालदिल झाले. पाहुणीचे डोळे मात्र लकाकले. जो अभ्यासक्रम करून प्रयोगशाळेत नोकरी मिळते, तिथे जायला तिला या विषयात उत्तीर्ण होणं भाग होतं आणि अर्ध्या वहीने ते कधीच झालं नसतं. आता तिच्यासाठी दार उघडलं होतं.

मामांनाही आनंद झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पेटीसकट उचललं आणि ओळखीच्या घड्याळजीकडे नेलं. त्याने भिंग लावून माझी आकडी सरळ केली. वाटेत मामा मला पोटाशी धरून म्हणत होते, "पोरीला उद्या काही कमी पडायला नको." मी सुतासारखा सरळ झालो होतो. आणि मित्रांनो, मला रडावंसं वाटत होतं.

मामा तिला सांगणार होते. पण परीक्षेच्या दिवशी एका भावाला ताप होता. शेजारच्या काकूंकडे त्याला सोपवून ती धापा टाकत आली ती थेट आपल्या पाळीलाच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मामांना दाराबाहेर बसवलं होतं. "परीक्षा चालू असताना मदतनीस आत नको," ते म्हणाले. नियम बरोबरच होता.

तिला एक धातूचा तुकडा तीनदा तोलायचा होता. तिने काटा मधोमध आहे हे पाहिलं. चिमट्याने वजनं ठेवली, वाट पाहिली आणि नेहमीसारखं मनात वजा करून उत्तर लिहिलं. पेटीतल्या पेटीत मी ओरडत होतो, नको गं वजा करू, मी आता खरं बोलतोय! पण माझा काटा मधोमध उभा राहिला. सरळ तराजूला दुसरं काय करता येतं?

तिन्ही उत्तरं कमी आली. बाईंनी कागदाकडे पुन्हा पाहिलं.

"सर, तिन्ही वेळा अगदी सारखंच चुकलंय. नवल आहे."

"चूक ती चूक, बाई. पुढचा कोण आहे?"

बाईंनी तिला नुसतं विचारलं असतं, कसं केलंस गं? पण पुढचा मुलगा येऊन उभाही राहिला होता. मामांचा तराजू खोटा आहे, असं परक्या माणसापुढे पाहुणीलाही म्हणवलं नाही. पुढच्या मुलाने मला आयुष्यात पहिल्यांदाच हात लावला. दिसलं ते लिहिलं आणि उत्तीर्ण झाला. त्यात त्याचा काय दोष?

नियमात दुसरी संधी होती. बाईंनी तिला दोनदा बोलावलं. ती आली, पण माझ्याकडे न बघता उभी राहिली.

"बाई, आधी नापास व्हायचे ते वही अपुरी म्हणून. पण येतं मला, हे तरी ठाऊक असायचं. आता कळलं, येतच नाही."

"अगं, असं नसतं," एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या संधीच्या दिवशी मामांनी माझी काच पुसली, स्टूल मांडलं. मधल्या सुट्टीत ती दारापर्यंत आली.

"या की पाहुण्या," मामा म्हणाले.

"नको मामा. मी दुसऱ्याच अभ्यासक्रमाला नाव घातलंय. घराजवळ आहे, भावांकडेही बघता येईल."

ती जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज थांबल्यावर मामा माझ्याजवळ आले, पेटीवर हात ठेवला आणि पुटपुटले, "तिच्यासाठी तुला सरळ करून आणला रे. आणि ती बसलीसुद्धा नाही."

हेच वाक्य थोडं आधी, थोडं मोठ्याने ते बोलले असते तर! ती जिन्यावरच थांबली असती. सगळं तिच्या क्षणात लक्षात आलं असतं.

मित्रांनो, आमची निगा राखा, हे तर प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगते. मीही सांगतो. पण आमच्यातली एखादी खोड काढलीत, तर त्या खोडीशी जुळवून घेऊन जे रोज काम करतात, त्यांना आधी सांगा. आणि कुणाचं उत्तर चुकलं तर पुढच्याला हाक मारण्याआधी एकदा विचारा, कसं केलंस?

मामा अजूनही रोज माझी काच पुसतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आम्ही दोघंही दाराकडे बघतो. मामांना वाटतं, पोरगी परीक्षेला घाबरली. ती तशी नव्हती, हे फक्त मला ठाऊक आहे.