रतनबाई कामाला होत्या

‘“रतनबाई बंगल्यावर अधूनमधून भाकरी विकायला येत असत,” असं टाक,’ प्रदीप सर म्हणाले. ‘कामाला होत्या असं कुठंही यायला नको.’

माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. भुशीच्या रस्त्यावरचा त्यांचा बंगला पर्यटकांना भाड्यानं जातो; त्याचं सगळं लिखाण मीच करते. जाहिरात, पाहुण्यांना उत्तरं, नगरपरिषदेचे अर्ज. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मिळालेली नोकरी ही.

‘सर, एकोणीस वर्षं आहेत त्या इथे.’

‘हजेरीपुस्तक आहे? नाही ना? मग झालं.’

‘वेबसाइटवर आपण लिहिलंय. “रतनमावशी म्हणजे आमच्या घरातलंच माणूस.”’

‘ते पाहुण्यांसाठी गं. हे कामगार कार्यालयासाठी आहे. दोन्हीकडे एकच लिहितात का?’

ते वाक्य माझंच होतं. त्याखाली चुलीपाशी हसणाऱ्या रतनबाईंचा फोटो. चूल फोटोपुरती मांडलेली. स्वयंपाक गॅसवरच व्हायचा. पोहण्याचा तलावही त्याच साफ करतात, हे मी लिहिलं नव्हतं. पाहुण्यांना ते वाचायला आवडलं नसतं.

गेल्या मंगळवारी पाहुणे लवकर येणार होते. सरांनी फोनवर सांगितलं, ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच बादलीत कालवा, पटकन उरका. रतनबाईंनी कालवलं. बंद पंपघरात क्लोरीन सुटला आणि त्यांच्या छातीत गेला. फुप्फुसातल्या ओलाव्याशी त्याचं आम्ल होतं, हे मी परीक्षेत समीकरणासकट लिहून आले होते. राग सरांचा येत होता, आणि त्याहून जास्त माझ्या त्या गोड वाक्याचा. तरी मी पत्र छापलं.

ते घेऊन मी रुग्णालयात गेले. सोबत सरांचा निरोप होता: सही केली तर उपचारांचा खर्च ते देत राहतील, नाहीतर उद्यापासून रतनबाईंचं त्या बघतील.

रतनबाईंचा मुलगा संदेश टाकव्याहून आला होता. मी पत्र वाचून दाखवलं, निरोप सांगितला.

‘आये, कर सही,’ तो म्हणाला. ‘जीव वाचू दे आदी.’

रतनबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला.

‘भाकरी इकायला? मी?’ त्यांनी दम घेतला. ‘कुनाच्या दारात इकली गं मी भाकरी?’

‘मावशी, बोलू नका.’

‘ह्ये तू लिवलंस?’

‘व्हय,’ मी म्हणाले. ऑफिसात मी कधी असं बोलत नाही.

‘मंग फाड.’

‘आये, उद्या कुटं न्यायचं तुला?’ संदेशचा आवाज चढला.

‘सरकारी दवाखान्यात ने. तितं काय मानसं मरायलाच जात्यात?’

मी पत्र फाडलं. पर्समधून कोरा कागद काढला.

‘आता मी सांगते तसं लिव. त्या कामगार हापिसातल्या साहेबाला कळंल असं.’ दम. ‘सकाळी सहाला फाटक मी उघडते.’ दम. ‘पंप मी लावते. आठ संडास मी धुते. लिव की, लाजतीस काय?’

मी त्यांचा एकही शब्द सुधारला नाही. दम संपला की पेन थांबायचं, आला की पुढे चालायचं. बादलीत काय कालवलं आणि कुणी सांगितलं, तेही आलं. संदेश खिडकीकडे तोंड करून उभा होता.

नर्स आली. मास्क परत चढवून म्हणाली, ‘मावशी, आता एक शब्द नाही.’

रतनबाईंनी मान डोलावली. नर्स वळली तशी त्यांनी सलाईनचा हात उचलला आणि हवेत लांब दांडा धरल्यासारखा सावकाश पुढून मागे ओढला.

मी लिहिलं, ‘तलावातली पानं जाळीनं रोज एकदा काढते,’ आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तो नीट वाचला. मग दोन बोटं वर केली.

मी ‘एकदा’ खोडलं.