अक्काची हजेरी

सांजेची तिरपी उन्हं पठाराच्या कडेवर रेंगाळू लागली, कारवीच्या रानातून धुक्याचा पांढुरका पदर वर सरकू लागला, की अक्काची हाक उठायची. ‘चांदेऽऽ, ये गं, ये ये येऽऽ!’ आमच्या धनगरवाड्याच्या पाच घरांवरून ती हाक निघायची, दरी ओलांडायची, समोरच्या डोंगराला टेकून परत यायची, आणि तोवर करवंदीच्या जाळीतून चांदी म्हैस मान हलवत बाहेर पडलेली असायची. शाहूवाडीच्या त्या डोंगरात अक्कापेक्षा मोठा आवाज कुणाचाच नव्हता. हिच्या नरड्यात देवानं ढोल बसवलाय, असं आई म्हणायची. अशा मुलीची शाळेतली हजेरी मात्र दुसऱ्याच कुणाच्या तोंडून लागत राहिली, आणि ते तोंड माझं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. पटावर तिचं नाव भागूबाई. माझ्याहून दीड वर्षांनी मोठी. पण एकटी पोर दरी उतरून कशी जाणार म्हणून आईने तिला घरी थांबवलं होतं आणि माझ्याबरोबरच पहिलीत घातलं होतं. शाळा खालच्या वाडीत, एका खोलीची, एका गुरुजींची. तासाभराची उतरण. अक्का माझा हात कधी धरायची नाही. म्हशीचं दावं धरावं तशी माझी वेणी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या काठीने गवतातलं दव झोडपत चालायची. तिच्या पोटऱ्या भिजलेल्या असायच्या, परकराच्या काठाला कुसळं चिकटलेली असायची, आणि काठीच्या तालावर तिची बाराखडी चाललेली असायची. ती वाचायचीही हाक मारल्यासारखीच. अक्षराखाली बोट ठेवून ती ‘कमळ’ म्हणाली, की खिडकीवरची चिमणी उडून जायची आणि गुरुजी हसत कानावर हात ठेवायचे.

त्या आषाढ-श्रावणातली, भाद्रपद-आश्विनातली अक्का मला अजून लख्ख दिसते. बसकरपट्टीवर माझ्या उजव्या हाताला ती बसलेली, मांडीवर पाटी, जिभेचं टोक दातांत धरलेलं, आणि कौलातल्या काचेतून उतरलेला उन्हाचा चौकोन नेमका तिच्या मनगटावर. तेवढेच चार-पाच महिने तिच्या वाट्याला आले.

दिवाळीनंतर आबा खाली हातकणंगल्याकडे गुऱ्हाळावर कामाला गेले. आईच्या मागे म्हशी, गवत, आणि दुधाची किटली घेऊन रोजची पायपीट. बिरू, आमचा धाकटा भाऊ, तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि पाय फुटल्यापासून दरीच्या कडेकडेच धावायचा. त्याच्यामागे कुणीतरी हवं होतं. दोघींतली थोरली घरी राहिली. आमच्याकडे असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, त्या ठरलेल्याच असतात.

आठ दिवसांनी गुरुजी वर आले. फटफटी ओढ्याशी ठेवून, चढ चढून, घामाघूम. माणूस देवासारखा, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, आणि मीही म्हणायचे. ते आमच्या पायांतले काटे स्वतः सुईने काढत, कुणी उपाशी आलं तर डबा पुढे सरकवत. खडूने पांढरी झालेली बोटं दुधाच्या पेल्याभोवती गुंडाळून ते ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, “वहिनी, भागूचं नाव तेवढं पटावर राहू दे. एक नाव कमी झालं तर शाळा बंद करतील, मग धाकटीनं कुठं जायचं? बिरू शाळेजोगता झाला की दोघं बरोबर येतील. भागूची जागा मी राखून ठेवतो.”

बिरूला कडेवर घेऊन अक्का दारात उभी होती. “नक्की न्हवं, गुरुजी?”

“नक्की.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे कित्येक दिवस तिच्या केसांना तो पांढरा हात चिकटून राहिलाय असं मला वाटायचं.

तिची पाटी तिने शाळेतच ठेवली. घरी आणली तर जागा जाईल म्हणून. रोज सकाळी गुरुजी माझं नाव घेत, मी बारीक आवाजात ‘हजर’ म्हणे. मग ते भागूबाई म्हणत, मान वर न करता, आणि मी छाती भरून, अक्कासारखा घोगरा आवाज काढून पुन्हा ‘हजर’ म्हणे. पोरं खिदळायची. मलाही तो खेळ आवडायचा, लपवून काय उपयोग? आणि संध्याकाळी मी चढ चढून घरी पोचले, की अक्का शेणाचे हात तसेच घेऊन वाटेवर यायची.

“आज माझं नाव घेतलं?”

“घेतलं की.”

“मग? कोन म्हटलं?”

“मीच.”

ती समाधानाने हसायची. सणाचा नैवेद्य पोचला हे ऐकून माणूस जसं निवांत होतं, तशी ती निवांत व्हायची, आणि मग चांदीला हाक मारायची. ऋतू फिरत राहिले. पठारावर सोनकीची पिवळी फुलं आली, सुकली, पुन्हा आली. नाचणीचे तुरे लवले, कापले गेले. अक्काचा परकर आखूड होत गेला आणि बिरूची पावलं लांब. ती त्याला उतरणीवर चालायला शिकवायची, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, कुठे बसून घसरायचं. ओढ्यापर्यंत न्यायची आणि तिथून परत फिरायची. तिला वाटायचं, आपण शाळेच्या वाटेवर आहोत.

वार्षिक परीक्षेला गुरुजी माझ्यापुढे दोन कागद ठेवत. “तुझा झाला की अक्काचा लिही. अक्षर जरा तिरकं काढ.” मी जीव ओतून लिहायचे. माझ्या बहिणीला नापास होऊ द्यायचं नव्हतं मला. चौथीला तर तिच्या कागदावर मी एकही गणित चुकू दिलं नाही. शहाणपणाचा मक्ता घेतलेली ती दहा वर्षांची पोर आज समोर आली, तर तिच्या थोबाडीत मारावी असं वाटतं.

मग तो जून आला. अक्काने आदल्या दिवशी रिठ्याने केस धुतले, सकाळी तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या, माझा जुना झगा उसवून स्वतःला बेताचा करून घेतला. मी दाखला आणायला निघाले होते. पाचवीला खाली मोठ्या गावात वसतिगृहात जायचं होतं. पुढे अक्का, तिच्या हाताला धरून बिरू, मागे मी. धुकं इतकं दाट होतं की तिची पाठ तेवढी दिसत होती, ताठ, आणि तिच्या काठीचा आवाज.

गुरुजींनी बिरूचं नाव लिहून घेतलं. त्याला बसकरपट्टीवर बसवलं, तिच्या जागेवर, आणि तिथे पडलेली तिची पाटी त्याच्या मांडीवर दिली. मग कपाटातून दोन कागद काढले. एक माझ्या हातात दिला, एक अक्काच्या.

“भागू, तू चौथी पास झालीस.”

अक्का हसली. गुरुजी थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग तिने कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, “कवा?”

एवढाच प्रश्न. गुरुजी खडूचा डबा उघडून त्यात बघत राहिले.

“मी बिरूच्या शेजारी बसतो की गुरुजी. पहिलीत. मला लाज न्हाय.”

“पास झालेल्या पोरीला पहिलीत कसं बसवू? पाचवीला जा, बाळ. समजुतीनं घे.”

“मला वाचाय येत न्हाय.”

बाहेर धुकं विरलं होतं. उन्हाचा चौकोन तेव्हा बिरूच्या मनगटावर होता. बाहेर आल्यावर अक्काने मला दाखला वाचायला लावला, आणि मी वाचला: अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. पटावर आता बिरूसकट नव्या पोरांची नावं होती आणि तिच्या नावाची गरज सरली होती, हे मला तेव्हाही कळलं. मी तिला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या पठारावरून हाक उठली नाही. चांदीला शोधायला आई गेली.

पुढे ती शाळाही पट घटला म्हणून बंदच पडली. खोली आहे, कौलातली काच फुटली आहे, आत शेळ्या बसतात. गुरुजी कधीचेच बदली घेऊन गेले होते; त्यांचा राग यावा तर मला त्यांची काटा काढणारी सुई आठवते, आणि तरी राग येतो. त्यांनी शाळा वाचवली, हे खरं. कुणाच्या जिवावर वाचवली, हेही खरं. त्या वाचलेल्या शाळेतून मी शिकले, मास्तरीण झाले, कोल्हापुरात नोकरीला लागले. माझ्या नावापुढे लागलेल्या प्रत्येक इयत्तेखाली अक्काचं एकेक वर्ष पुरलेलं आहे.

अक्का आता पलीकडच्या डोंगरावर नांदते. गेल्या शिमग्याला मी गेले होते. ती ताक घुसळत होती. रवीबरोबर तिची बांगड्या भरलेली मनगटं पुढे-मागे होत होती, आणि शेवरीच्या झाडावरून लाल फुलं अंगणात टपटपत होती. इतकी वर्षं साठवलेलं मी तिथे बोलून टाकलं. “अक्का, चौथीचा तुझा पेपर मी लिहिला होता.”

“ठावं हाय की,” ती म्हणाली. रवी थांबली नाही. “एस्टीत रुमाल टाकून जागा धरत्यात न्हाय का, तसं वाटायचं मला. धाकटी रोज माझा रुमाल टाकतीया, मी आलो की बसायचं.” मग ती हसली, पूर्वीसारखीच, डोंगरभर. “रुमाल माझा, बसलीस मातर तू. ताक पी.”

मी ताक प्यायले. काय करणार होते?

आता रोज सकाळी मीच हजेरी घेते. कधी एखादं नाव घेतलं की मागच्या बाकावरून कुणी मैत्रिणीसाठी घोगरा आवाज काढून ‘हजर’ म्हणतं, पोरी खिदळतात. मी पेन थांबवते, मान वर करते आणि त्या रिकाम्या जागेकडे सगळ्या वर्गाला बघायला लावते. मग त्या नावापुढे गैरहजर लिहिते आणि शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाते. अक्काच्या नावापुढे तेवढंही कुणी लिहिलं नाही. त्या साऱ्या वर्षांत पटावर ती एकही दिवस चुकली नाही, आणि म्हणून तिचं नसणं आता एकेक दिवस मोजत मलाच आठवावं लागतं.