समाप्तीचं पहिलं ताट

अमृतरावांनी लेकीशी बोलणं टाकलं त्याला तीन वर्षं झाली. हर्षाली हैदराबादेत नर्स झाली, तिथं चर्चमध्ये जाऊ लागली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. "आता या घरी येऊ नको," एवढं फोनवर सांगून त्यांनी तोंड मिटलं. बेला गावातलं त्यांचं दुकान चालत होतं, पण जीव दुकानात नव्हता. बायकोला, सोनाबाईंना, दिवसातून दोनदा विचारायचे, "आला होता काय तिचा फोन?" स्वतः फोन करायचं मात्र नाव नाही!

घरची रीत अशी, की श्रावणातली पोथी संपली की समाप्तीचं पहिलं ताट लेकीला. तीन श्रावण ते ताट वाढलं गेलं आणि गाईपुढं ठेवलं गेलं.

परवा टपालानं तीन पुस्तकं आली. सोनाबाई म्हणाल्या, "पोरीनं धाडले. कॅल्विन म्हणून कोनी जुना ख्रिस्ती पंडित होता, त्याची शिकवण हाय. आपल्याकडच्या मराठी मानसानं आधी कोन्तं वाचावं, ते बाबाले निवडू द्या म्हणते."

"मले काय समजते त्यातलं?" असं म्हणत त्यांनी पुस्तकं ओढून घेतली.

पुस्तक कसं निवडतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, पोथी कशी वाचतात ते ठाऊक होतं. आंघोळ केली, पाटावर लाल कापड घातलं आणि मोठ्यानं वाचायला बसले. समोर सोनाबाई हात जोडून. पहिलं पुस्तक इतकं जड, की त्यांना डुलकी लागली. दुसऱ्यात नुसतं खंडन. "हा तं भांडूनच राह्यला," म्हणून तेही मिटलं. तिसरं पातळ, बोलल्यासारखं. देव माणसाला निवडतो ते लायकी पाहून नाही, हे काही त्यांना पटेना, पण वाचन सुटेना.

पाचव्या सकाळी शेवटचं पान आलं. 'ज्याला त्यानं एकदा आपलं म्हटलं, त्याला तो कधीच टाकत नाही.' पुढं एकच ओळ उरली होती; अमृतरावांनी तिच्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला.

"काऊन थांबले?" सोनाबाईंनी विचारलं.

"फोन लाव तिले."

पलीकडून आवाज आला, "बोल, आई."

"मी हाय," अमृतराव म्हणाले. "ते पातळ पुस्तक घे. ते समजते. आन् आयक, तुह्या पुस्तकाची पोथी संपत आली. जावयाले घेऊन ये. शेवटची ओळ राखून ठेवली हाय, तू ताटावर बसली का मंग वाचतो."