थोरलीचा पेपर

थोरलीनं एकदाच हात वर केला होता. तिला शाळेत येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ऑफिसातल्या बाईंनी वर्गात येऊन विचारलं, "या नव्या मुलाच्या आईचं बोलणं कुणाला कळतंय का?" थोरलीला कळत होतं. ती उठली, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालं. तेव्हापासून तिच्या मुलखातून जीव घेऊन पळालेलं कुठलंही कुटुंब शाळेच्या दारात उभं राहिलं की थोरलीला बोलावणं यायचं. कुणाच्या पोराला उवा झाल्या, कुणी कुणाला चावलं, कुणाची पोर दिवसभर तोंड उघडत नाही, सगळं थोरलीनं इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायचं. आया म्हणायच्या, ही शाळेच्या बाजूनं बोलते. शाळेला वाटायचं, ही आयांना पाठीशी घालते. चौदा वर्षांच्या पोरीनं दोन्हीकडची बोलणी खायची आणि वर "किती गुणाची गं" हेही ऐकून घ्यायचं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

बोलण्याचं एक वेळ ठीक होतं. ऐकणं जड जायचं. "मूल रात्री झोपतं का?" एवढंच बाई विचारायच्या, आणि समोरची आई झोपेवरून सुरू होऊन जळलेल्या घरापर्यंत, वाटेत पुरलेल्या सासूपर्यंत पोचायची. बाई पेन धरून थांबलेल्या असायच्या. थोरली सांगायची, "नाही, नीट झोपत नाही." बाकीचं तिच्यापाशीच राहायचं.

घरी ती यातलं अवाक्षर काढत नसे. धाकटी सात वर्षांची, याच शाळेत दुसरीत. इथं आली तेव्हा आईच्या कडेवर होती, तिला तिकडचं काही आठवत नव्हतं. घरची भाषा तिला छान यायची, पण त्या भाषेत तिनं आजवर 'जेवायला ये' आणि 'पांघरूण घे' यापलीकडे फारसं काही ऐकलंच नव्हतं. "तिच्या कानावर काही जाऊ देऊ नकोस," आई थोरलीला बजावायची. "माझी एक तरी पोर रात्री ओरडत उठत नाही."

बाहेरून आलेल्या मुलांना शाळा आधी तयारीच्या वर्गात बसवायची. गणिताच्या पेपरात पास झालं की मग नेहमीच्या वर्गात, इतर मुलांसोबत. थोरलीच्या बरोबरचे सगळे केव्हाच तिकडे गेले होते. तिचा पेपर मात्र दोनदा बुडाला, दोन्ही वेळा ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. या खेपेला सरांनी स्पष्टच सांगितलं, "आता राहिलीस तर आणखी एक वर्ष इथंच." तिला कुणी हुशार म्हणायला नको होतं. एका बाकावर बसून राहायचं होतं, कुणी न उठवता.

पेपरच्या दिवशी, वर्गाच्या दारातच शिपाई उभा. "बाईंनी बोलावलंय."

ऑफिसात एक बाई बाकावर अगदी कडेला टेकली होती. मांडीवर मुलगी, मुलीच्या पायात कुणाचे तरी मोठे बूट. थोरलीनं तिच्याकडे नीट बघितलंच नाही.

"ये गं बाई," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "जरा विचार हिला..."

"मला नाही येत आता," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "विसरले मी ती भाषा."

बाई थक्क झाल्या, मग हसल्या. "विसरलीस? चला, म्हणजे तू आता आमची झालीस. जा, पेपर दे जा."

थोरली धावतच सुटली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण वाटलं नाही, नुसतं हलकं वाटलं. तिसरं गणित सुटलं, चौथंही सुटलं. पाचव्याला तिनं सहज मान वर केली, तर दाराच्या काचेपलीकडून ऑफिसातल्या बाई चालल्या होत्या. त्यांच्या हाताला धरून धाकटी. थोरलीला बघून ती उड्या मारत, छातीवर बोट ठेवून सांगू लागली, 'मला बोलावलंय, मला!'

बाईंचं काय चुकलं? थोरली विसरली, तर धाकटीला विचारू, इतका साधा हिशोब.

थोरलीनं पाचव्या गणिताची एक ओळ लिहिली. मग तिला आकडे दिसेनात. ती उठली.

"बाहेर गेलीस तर पेपर संपला," सर म्हणाले.

"हो, सर."

ऑफिसात ती बाई बोलायला लागली होती. धाकटीचा चेहरा अजून हसराच होता, पण भुवया गोळा झाल्या होत्या. "बाई, ह्या म्हणतात की त्यांच्या घराला..."

थोरलीनं तिला दंडाला धरून उठवलं. "वर्गात जा."

"मला येतं! मीच सांगणार! तू विसरलीस ना?" धाकटी किंचाळली. थोरलीनं तिला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बाहेरून रडणं आणि दारावर लाथा ऐकू येत राहिल्या. कुणीतरी तिला समजावत घेऊन गेलं तेव्हा कुठं थोरली दारापासून हलली.

"अगं, तू तर म्हणालीस..."

"खोटं बोलले. तिला परत बोलावू नका, बाई. मी येईन. केव्हाही बोलवा, पेपर असला तरी."

ती बाकावर बसली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "सांगा, मावशी."

मावशींनी तिच्याकडे टक लावून बघितलं. "तू कुणाची गं, पोरी?"

इथं सगळे विचारायचे, तू कुठली. कुणाची, हे इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. थोरली म्हणाली, "पुलापलीकडच्या लोहाराची नात."

"अगं बाई! लंगड्या लोहाराची?" मावशींनी तिचा हात घट्ट धरला. "माझ्या बापाची कुऱ्हाड त्यानंच केली होती."

"काय विचारतेय ती?" ऑफिसातल्या बाईंनी विचारलं.

"मी कुणाची, ते."

"मग सांग की, आमच्या शाळेची म्हणून!" बाई मायेनं म्हणाल्या.

थोरलीनं मावशींना ते सांगितलं नाही. ती हात तसाच धरून बसून राहिली, आणि मावशी अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या.