पान एकशे अकरा

नात भरदुपारी आली ती चपलांसकट आजीच्या पलंगावर आदळली. हातात प्रबंधाचं तिसरं प्रकरण. समासात मार्गदर्शक बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, "या पुस्तकाला पानंच शहाण्णव आहेत. एकशे अकरावं कुठून आणलंत? यंत्राने रचलेला मजकूर असेल तर काढून टाका. सोमवारपर्यंत दुरुस्ती आली नाही, तर प्रबंध पुढच्या सत्रात."

"मेले मी, आजी. हे वाक्य काढलं तर प्रकरणच कोसळतं."

दीपगृहांतले दिवे सांभाळणाऱ्यांच्या बायका हा नातीचा विषय. नोकरी नवऱ्याची, पण धुक्यात घंटा ओढत उभ्या राहायच्या त्या. याला लेखी पुरावा म्हणून एका दिवेवाल्याच्या आठवणींच्या पुस्तकातलं एकच वाक्य हाती लागलं होतं, तेही एआयने शोधून दिलेलं.

"तू पुस्तक उघडून पाहिलं नाहीस?"

"दीडशे संदर्भ आहेत गं! तो दोन मिनिटांत काढून देतो, पानासकट. आणि सांगतो इतकं छातीठोक, की विचारायचा धीरच होत नाही."

"आमच्याकडे येणारे निम्मे संशोधक असेच होते," आजी म्हणाली. "फक्त ते वर चहा मागायचे."

विद्यापीठामागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत आजीने चाळीस वर्षं प्रबंध टाइप केले होते. खोलीला एकच खिडकी, तीही जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. त्यामुळे कोण येतंय ते बुटांवरून कळायचं. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. एक अक्षर चुकलं की पाचही कागद ब्लेडच्या टोकाने हलक्या हाताने खरवडायचे. "माझ्या हातून चुकीचं पान बाहेर गेलं नाही," हे तिचं वाक्य घरात इतक्यांदा ऐकलेलं, की नात ते मधूनच उचलून पुरं करायची.

"वाच बघू ते वाक्य."

नातीने वाचलं, "धुकं उतरलं की दिवा माझा उरत नसे. मी झोपलेला असताना घंटा तिने ओढली, आणि नोंदवहीत सही मात्र मी केली."

आजीची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. हे वाक्य त्या बोटांनी आधी टाइप केलेलं होतं.

"एआयने हे कुठून उचललं, ते दाखव."

नातीने मोबाईलवर एक जुना प्रबंध उघडला; त्यात तेच वाक्य होतं, खाली पान एकशे अकरा. आजीने चष्मा लावला. पानभर प्रत्येक 'ळ' ओळीच्या केसभर वर बसलेला. तिच्याच टाइपरायटरची ती खोड. दुरुस्तीवाला तीनदा येऊन हात टेकून गेला होता.

"दीपस्तंभाचा प्रबंध," ती हळूच म्हणाली.

माणूस इतका उंच, की दारातून वाकून यायचा. त्यात विषय दीपगृहांचा. मग खोलीत सोबत टाइप करणाऱ्या मुलींनी दुसरं काय नाव ठेवायचं? हे वाक्य त्याने उभ्याने वाचून दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "बाई, हे जरा जपून टाइप करा." पान विचारलं, तर नेहमीप्रमाणे, "उद्या सांगतो."

पानाचा आकडा हाती नसला की आजी तिथे तीनदा एक ठोकायची. बसमधल्या जागेवर रुमाल टाकावा, तशी जागा धरून ठेवायची. मग आकडे आले की खरवडून खरे घालायचे. बांधणीच्या दिवशी दीपस्तंभाने बारा आकड्यांची चिठ्ठी आणली. लेकीला ताप होता म्हणून आजीला लवकर निघायचं होतं. घाईघाईत तिने आकडे बदलले. बाराही बदलले, असं ती आजवर धरून चालली होती.

गप्प बसणं सोपं होतं. यंत्राने थाप मारली म्हटलं तर कुणालाही पटलं असतं. आजीने चष्मा काढून घडी केला.

"तुझ्या यंत्राने काही रचलं नाही गं," शेवटी ती म्हणाली. "ते एकशे अकरा माझं आहे."

सगळं ऐकून झाल्यावर नात डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून चुकीचं पान—"

"पुरे. वाक्य खरं असलं, तर ते पुस्तकात कुठेतरी सापडेल. उद्या ग्रंथालयात येते मी."

शनिवारी सकाळी दोघी वाचनकक्षात बसल्या. पुस्तक बाहेर न्यायला बंदी. शिवण उसवून त्याचे दोन तुकडे झालेले, म्हणून ते वाटून घेता आलं. नातीचा अर्धा भाग तासाभरात संपला. काही नाही. ती नखं खात बसली. आजी भिंग सरकवत ओळीमागून ओळ पुढे जात होती. सत्तर झालं, ऐंशी झालं. त्या उंच माणसानेच वाक्य रचलं असेल तर, या विचाराने ती एकेक ओळ दोनदा वाचू लागली. इतक्या वर्षांत तिने त्याच्यावर कधी शंका घेतली नव्हती.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर भिंग थांबलं. आजीने नुसतं बोट ठेवलं.

नातीने वाचलं आणि आजीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. "श्श," पलीकडून ग्रंथपाल म्हणाला.

मग तिने तिथेच लॅपटॉप उघडून तळटीप लिहायला घेतली. "जुन्या प्रबंधात एकशे अकरा आहे, हे सांगावं लागेल. काय म्हणू? मुद्रणदोष?"

"छापखान्याने काय केलंय? टंकलेखिकेची चूक म्हण."

"नाव घालू तुझं?"

आजीने भिंग पदराने पुसलं. शेकडो प्रबंध तिच्या हाताखालून गेले होते. ऋणनिर्देशात मार्गदर्शक असायचे, बायको असायची, एकाने तर कुत्र्याचेही आभार मानले होते.

"घाल," ती म्हणाली.

नात नाव टाइप करायला लागली, तसा आजीने तिचा हात धरला.

"आधी आकडा बदल. नाव मागाहून. घाईत राहून जातं."