जानकीचे झटके

सन शहाऐंशी. भांडुपच्या आमच्या चाळीत नंदकुमारच्या खोलीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. आत त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या मांडीवर दीड महिन्याची जानकी झटके देत होती. गुणाजी भगताने ताम्हनात कापूर पेटवला.

"देवीचो खेळ आसा ह्यो! कापूर विझलो की झटको गेलोच!"

कापूर विझला. पोर शांत झाली. बायकांनी हात जोडले. मी शाळामास्तर, दारात उभा राहून नुसता चरफडत होतो.

जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी जानकीला झटके आले होते. हॉस्पिटलात डॉ. अनुपमाबाईंनी बी-सिक्स जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, आणि काही मिनिटांत झटके थांबले. "हिच्या मेंदूला हे इतरांपेक्षा खूप जास्त लागतं. गोळी रोज, जन्मभर," त्यांनी बजावलं. घरी आल्यावर गुणाजीने दंडात दोरा बांधला. "देवीक डॉक्टराचा औषध चलणा नाय." गोळी बंद! बंद केल्यापासून नवव्या दिवशी झटके परत. तरी मान गुणाजीलाच!

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. या खेपेला मी त्याच्या हातावर नजर ठेवली. कापूर विझत आला की तो मुठीतली वडी हळूच आत सोडायचा. पोरीचे हात सैल पडले, तशा वड्या थांबल्या.

"शेवंती, झटका आपोआप थांबतो गं! तोवर हा कापूर विझूच देत नाही!"

"देवीक खोटी पाडतंस, मास्तरा?" गुणाजी गरजला.

तेवढ्यात जानकीला पुन्हा झटका आला. गुणाजीने एक वडी पेटवली. दुसरी टाकणार, तोच शेवंतीने त्याची मूठ घट्ट धरली. कापूर विझला. झटका चालूच.

"अवो, रिक्षा बघा!" शेवंती नंदकुमारला ओरडून म्हणाली.

हॉस्पिटलात इंजेक्शनने झटके थांबले. अनुपमाबाई मात्र संतापल्या होत्या. "मेंदू घडायचे दिवस हे! ते असे घालवलेत?"

जानकी आता तीन वर्षांची आहे. गोळी चालू आहे, झटका नाही. पण चालायला उशीर झाला आणि शब्द येतात चारच. सगळं त्या दिवसांमुळेच झालं, असं डॉक्टर म्हणत नाहीत. गोळी वेळेवर घेऊनही काही मुलं मागे पडतात. पण ते दिवस वाचवता आले असते, एवढं नक्की.

गुणाजी हल्ली पलीकडच्या चाळीत बसतो. तिथेही गर्दी असते.

देवाला खुशाल हात जोडा, कोण अडवतंय? पण तान्ह्याला झटका आला तर आधी डॉक्टर गाठा. आणि चालू औषध कुणा भगताच्या सांगण्यावरून बंद करू नका. पोर तुमचं आहे, त्याचं नाही.